न्याका अनाथ बालक प्रकल्प

युगांडाच्या नैर्ऋत्य भागात, कानुंगू जिल्ह्यातील न्याकाग्येझी या गावी २००१ मध्ये सुरू झालेले सेवाकार्य. एड्समुळे आईवडील गमावलेल्या मुलांना विनामूल्य शिक्षण, आहार व औषधोपचार मिळावेत, हा त्याचा मूळ हेतू.

संस्थापक त्वेसिग्ये जॅक्सन कागुरी याच गावचे. १९९६ मध्ये त्यांचा भाऊ एड्सने दगावला आणि वर्षभरात बहीणही गेली. भावाची तीन मुले व बहिणीचा एक मुलगा पोरके झाले. अमेरिकेत राहणाऱ्या कागुरी दांपत्याने स्वतःच्या घरासाठी पाच हजार डॉलर साठवले होते. त्याच पैशातून गावात शाळेच्या बांधकामाला सुरुवात झाली.

युगांडा सरकारने १९९७ मध्ये प्राथमिक शाळांची फी माफ केली होती. पण गणवेश, वह्या, दुपारचे जेवण हा खर्च घरावरच राहिला, आणि कमावते माणूसच नसलेल्या घराला तेवढाही झेपत नव्हता. शिवाय उपाशी किंवा तापाने फणफणलेले मूल वर्गात बसून काय शिकणार? न्याकाने हे नेमके ओळखले. शाळेत जेवण मिळते, गणवेश व पुस्तके मिळतात, आणि उपचारांसाठी दवाखाना आहे. पुढे कुतांबा ही दुसरी प्राथमिक शाळा निघाली. युगांडात प्राथमिक शिक्षण सातवीपर्यंत असते. त्यापुढच्या मुलांसाठी व्यवसायशिक्षण देणारे माध्यमिक विद्यालयही उभे राहिले.

प्रकल्पाचे खरे मोठेपण मात्र आज्यांच्या बाबतीत दिसते. मुलांना अनाथाश्रमात न हलवता आजीजवळच ठेवायचे आणि त्या आजीलाच आधार द्यायचा, अशी ही रीत आहे. उतारवयात नातवंडांचा सांभाळ अंगावर पडलेल्या या बायका गावोगावी गट करून जमतात. त्यांना छोटी कर्जे मिळतात. शेती, शेळीपालन, टोपल्या विणणे अशा कामांतून त्या चार पैसे मिळवतात. गळक्या झोपडीच्या जागी पक्के घर, धूर बाहेर जाईल असे स्वयंपाकघर आणि संडासही बांधून दिले जातात. आधी कोणाला द्यायचे, हे आज्यांनी निवडलेल्या पुढारी आज्याच ठरवतात. कोणाच्या घरात किती तोंडे आहेत आणि कोणाचे छप्पर गळते, हे शेजारणीइतके कार्यालयातल्या माणसाला कधीच कळत नाही.

निधी मुख्यतः परदेशी देणग्यांतून येतो. ही या कामाची दुबळी बाजू आहे, कारण देणगीचा ओघ आटला तरी मुलाचे शिक्षण वर्षानुवर्षे चालूच ठेवावे लागते.