पुरलेल्या घंटांचं मिशन : सान हुआन कापिस्त्रानो

३० ऑक्टोबर १७७५. फर्मिन लासुएन या फ्रान्सिस्कन पाद्र्याने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत क्रूस उभारला, घंटा टांगल्या आणि मिशन, म्हणजे धर्मप्रसाराची वसाहत, सुरू झालं. आठवडाभरातच निरोप आला. सान दिएगोच्या मिशनवर तिथल्या मूळनिवासी कुमेयाय लोकांनी हल्ला केला होता आणि तिथले पाद्री लुइस हाइमे मारले गेले होते. लासुएन आणि सोबतच्या शिपायांनी घंटा जमिनीत पुरल्या आणि सान दिएगोचं ठाणं गाठलं. वर्षभराने या मिशनांचे प्रमुख पाद्री हुनिपेरो सेरा यांनी त्या उकरून पुन्हा टांगल्या. तो दिवस १ नोव्हेंबर १७७६. मिशनची स्थापना याच तारखेची मानतात.

रशियन लोक उत्तरेकडून किनाऱ्याने खाली सरकतील, ही स्पेनला धास्ती होती. वसवायला स्वतःची माणसं पुरेशी नव्हती. म्हणून स्थानिकांनाच बाप्तिस्मा देऊन राजाची प्रजा करायचं ठरलं. १७६९ ते १८२३ या काळात अशी २१ मिशनं उभी राहिली. कापिस्त्रानो सातवं.

ही जमीन अहाशेमेन लोकांची. एकदा बाप्तिस्मा घेतला की परवानगीशिवाय मिशन सोडता येत नसे. पळालेल्याला शिपाई धरून आणत, चाबकाचे फटके बसत. अविवाहित मुलींना रात्री कुलुपात ठेवत. शेती, गुरं, चामडं, चरबी, सगळा कारभार याच लोकांच्या कष्टावर चाले. नव्या रोगांनी तर घरंच्या घरं रिकामी केली. कॅलिफोर्नियातल्या शाळांत चौथीची मुलं वर्षानुवर्षं पुठ्ठ्याची मिशनं बनवत आली आहेत, तिथल्या मराठी घरांतलीही. त्या पुठ्ठ्यात हे कुलूप कुठेच दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१७९७ मध्ये मोठं दगडी चर्च बांधायला घेतलं. मेक्सिकोतल्या कुलियाकानहून इसिद्रो आगिलार हा कसबी गवंडी आणला. इतर मिशनांच्या भिंती बहुधा कच्च्या विटांच्या, इथे मात्र दगड, चुना आणि सात घुमट. खाणीतला दगड अहाशेमेन बाया-माणसांनी बैलगाड्यांतून आणि हातांनी वाहून आणला. आगिलार १८०३ मध्ये वारला, तरी काम थांबलं नाही. १८०६ मध्ये चर्च पूर्ण झालं. नऊ वर्षं बांधलेली ही वास्तू सहा वर्षं उभी राहिली. ८ डिसेंबर १८१२ला, सणाच्या दिवशी, सकाळच्या मिस्साच्या वेळी भूकंप झाला आणि छत कोसळलं. आत प्रार्थना करणारे ४० जण गेले, जवळजवळ सगळे अहाशेमेन. मनोऱ्यात घंटा वाजवणारी दोन मुलंही गेली. ज्यांनी दगड वाहिले, त्यांच्याच माणसांवर तो दगड पडला. चर्च पुन्हा कधीच बांधलं नाही. वाचलेल्या चार घंटांसाठी शेजारी एक भिंत उभारून तिच्या कमानींत त्या टांगल्या. दोन मोठ्या घंटांना तडे गेले होते, त्यांचा नाद बिघडला तो बिघडलाच. २००० मध्ये त्या नव्याने ओतून घेतल्या.

१८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला. पुढे मिशनं कॅथलिक चर्चच्या ताब्यातून काढून घेतली. जमीन स्थानिकांना मिळेल असं बोललं गेलं होतं, प्रत्यक्षात ती बड्या लोकांकडे गेली. १८४५ मध्ये गव्हर्नर पिओ पिको यांनी मिशनच्या इमारती ७१० डॉलरना विकल्या. दोन खरेदीदारांपैकी जॉन फॉर्स्टर हा त्यांचा मेहुणा. तो पुढची सुमारे वीस वर्षं सहकुटुंब तिथेच राहिला. १८६५ मध्ये अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने मिशन चर्चला परत मिळालं. १९१० मध्ये ओ'सलिव्हन हे आजारी पाद्री तिथे आले आणि त्यांनी पडझड सावरली. १९ मार्चला परतणाऱ्या पाकोळ्यांची ख्याती त्यांच्याच काळात पसरली.

सेरा यांना २०१५ मध्ये संतपद मिळालं, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या अनेक मूळनिवासींनी उघड विरोध केला. अहाशेमेन आजही त्याच परिसरात आहेत. अमेरिकेच्या केंद्र सरकारने मात्र २०११ मध्ये त्यांचा मान्यतेचा अर्ज फेटाळला. पुतुइदेम हे त्यांचं जुनं गाव. त्याच्या नावाने सान हुआन कापिस्त्रानोत २०२१ मध्ये एक सांस्कृतिक उद्यान खुलं झालं.