इंपीरियल हॉटेल, टोकियो

टोकियोच्या हिबिया भागातील पाश्चात्त्य धर्तीचे हॉटेल. जपानी नाव ‘तेइकोकु होतेरु’. स्थापना १८९०. मेजी राजवटीला (१८६८-१९१२) पाश्चात्त्य सत्तांशी झालेले, जपानला तोट्याचे असलेले विषम तह बदलून घ्यायचे होते; त्यासाठी देश पुढारलेला दिसणे गरजेचे होते, पण राजधानीत परदेशी पाहुण्यांना शोभेलसा मुक्काम नव्हता. मुत्सद्दी इनोउए काओरू यांच्या पुढाकाराने, शिबुसावा एइइची व ओकुरा किहाचिरो या उद्योजकांच्या पाठबळावर, राजवाड्याजवळ सुमारे ६० खोल्यांचे हॉटेल उभे राहिले. ही पहिली इमारत १९२२ मध्ये आगीत गेली.

जगभर नाव झाले ते दुसऱ्या इमारतीचे. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी ती विटा आणि ओया या मऊ, सहज कोरता येणाऱ्या ज्वालामुखीय दगडात रचली. खर्च आणि मुदत दोन्ही हाताबाहेर गेल्यावर राइट १९२२ मध्येच परतले. उरलेले काम त्यांचे सहकारी एंदो अराता यांनी तडीस नेले. १ सप्टेंबर १९२३ हा उद्घाटनाचा दिवस आणि नेमका त्याच दुपारी कांतोचा महाभूकंप झाला. इमारत तगली, दूतावासांनी व वृत्तपत्रांनी तिथे तात्पुरती कार्यालये थाटली. एकटे हेच हॉटेल बचावले, ही मात्र दंतकथाच. ती पसरवण्यात राइट यांचाही हात होता. टोकियोत इतरही पक्क्या इमारती भूकंपात तगल्या होत्या आणि हॉटेलचा मधला भाग खचला होता. खाली गाळाची जमीन. तिच्यात खोल न जाता आखूड खांबांवर इमारत जणू तरंगती ठेवण्याची राइट यांची कल्पना होती. हाच पाया पुढे वर्षानुवर्षे असमान खचत राहिला. त्यात १९४५ च्या बाँबहल्ल्यांचे नुकसान आणि शहरातल्या जागेचा वाढता भाव यांची भर पडली. विरोध झाला, तरी १९६७-६८ मध्ये इमारत पाडली गेली. दर्शनी भाग व लॉबी आइची प्रांतातील इनुयामा येथील मेजी-मुरा या संग्रहालयात पुन्हा उभारली आहे. ते काम १९८५ पर्यंत चालले.

जपानी हॉटेल व्यवसायातल्या काही प्रथांचे मूळही इथेच आहे. ‘शालियापिन स्टेक’ १९३६ मध्ये दातदुखीने बेजार झालेल्या रशियन गायक फ्योदोर शालियापिन यांच्यासाठी इथल्या स्वयंपाकघरात तयार झाला: कांद्यात मुरवून मऊ केलेले मांस. १९५८ मध्ये ‘इंपीरियल वायकिंग’ उपाहारगृहाने ठरावीक पैशांत हवे तितके वाढून घेण्याची पद्धत आणली आणि ती देशभर रुजली.

सध्याची मुख्य इमारत १९७० ची. तीही पाडून नवी बांधण्याचे ठरले असून आराखडा त्सुयोशी ताने यांचा आहे.