टिश्यू बँक की बायोबँक? सही करण्याआधी एवढं विचारा

ऑपरेशन ठरलं की बेळगावच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात कागदांचा गठ्ठा समोर येतो आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडून आलेले नातेवाईक भराभर सह्या करतात. त्यात एखादा कागद शरीरातला तुकडा ठेवून घेण्याबद्दलही असू शकतो. तो टिश्यू बँकेचा आहे की बायोबँकेचा, हे सही करण्याआधी कळायलाच हवं.

टिश्यू म्हणजे ऊतक, कातडीसारखा शरीराचा भाग. टिश्यू बँकेत गेलेलं पुढे दुसऱ्या पेशंटवर वापरतात. त्वचादानाचंच बघा. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत पथक येतं, मांड्या, पाय आणि पाठीवरून कातडीचा वरचा अगदी पातळ थर काढतं आणि त्या जागी पट्ट्या बांधून देह परत देतं. देह विद्रूप होतो, ही भीती खरी नाही. ही कातडी ग्लिसरॉलमध्ये, फ्रीजच्या थंडाव्यात काही वर्षं टिकते. भाजलेल्या माणसाच्या जखमेवर ती तात्पुरती लावतात. त्यामुळे अंगातलं पाणी झिरपणं आणि जंतुसंसर्ग कमी होतो, आणि रक्तगट जुळवावा लागत नाही. मात्र दात्याची एचआयव्ही, कावीळ अशा आजारांसाठी रक्ततपासणी होते, कारण चूक झाली तर ती थेट पेशंटला भोवते. अशा बँकांना अवयव आणि ऊतक प्रत्यारोपणाचा कायदा लागू आहे. कायदा १९९४ चा, त्यात ऊतकं आली २०११ च्या दुरुस्तीने.

बायोबँकेतला तुकडा कुणाच्याही शरीरात जात नाही, तो संशोधनासाठी ठेवतात. तोंडाच्या कॅन्सरची गाठ काढली की ती आधी पॅथॉलॉजिस्टकडे जाते. निदानाला लागेल तेवढं घेऊन उरलेला भाग, परवानगी असेल तरच, बँकेत जातो. इथे घाई फार महत्त्वाची. तुकडा बाहेर पडल्यापासून पेशींतला आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारा नाजूक रेणू) खराब व्हायला लागतो, म्हणून तो लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात. डबीवर नावाऐवजी कोड असतो. त्या कोडमागे वय, उपचार, तंबाखूची सवय अशी माहिती जोडलेली असते, आणि खरी किंमत त्या माहितीला आहे. निपाणी भागात तंबाखू शेतातही आहे आणि तोंडातही. पेशंट किती वर्षं मळून खात होता हे नोंदवलंच नसेल, तर त्याच्या गाठीवरून तंबाखूबद्दल काय शिकणार?

मेल्यावर देतात ती टिश्यू बँक आणि जिवंतपणी देतात ती बायोबँक, अशी समजूत पुष्कळांची असते. ती टिकत नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत मेंदूंची बँक आहे, तिथे मृत्यूनंतर दिलेला मेंदू फक्त अभ्यासाला वापरतात. उलट बाळंतपणात वारेबरोबर येणारं गर्भावरणाचं पातळ पापुद्र्यासारखं आवरण जिवंत आई देते आणि ते जखमेवर, डोळ्यावर लावतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेत हे काम चालत आलं आहे. म्हणून प्रश्न एकच विचारावा: हे कुणासाठी वापरणार?

बायोबँकेच्या कागदावर मी जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण तिथे आज दिलेला तुकडा उद्या भलत्याच अभ्यासालाही लागू शकतो. ठरावीक अभ्यासापुरती परवानगी द्यायची की पुढच्या अभ्यासांनाही, हे वाचा. नंतर परवानगी काढून घेता येते, पण कोड आणि माणूस यांचा दुवा कायमचा पुसला असेल तर तुमचा नमुना शोधता येत नाही. त्यातून तुम्हाला वैयक्तिक रिपोर्ट मिळेल, अशी अपेक्षाही धरू नये. आणि नाही म्हटलं म्हणून उपचार अडवता येत नाहीत.

आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद; तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही माहिती पेशंटला कळेल अशा भाषेत द्यावी लागते. समोरचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि घरच्या आक्काला फक्त मराठी वाचता येत असेल, तर मराठी कागद मागा. नसेल तर मराठी जाणणाऱ्या डॉक्टरांकडून ओळ न् ओळ समजून घ्या, आणि तोवर पेन खाली ठेवा.