आधी पाणी, मग पट्टी. मध्ये काही भरू नका
(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी)

सोयाबीनची काढणी लागली की आमच्या काउंटरवर डावे हात पुढे यायला लागतात. उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत धाटं. विळा घसरला की डाव्या हाताचं बोट, नाहीतर नडगी. पुढे ऊसतोडीचा कोयता आहे, कडब्याचं कुट्टी यंत्र आहे, गोठ्याचा पत्रा आहे. आणि मागणी ठरलेली: "जखमेवर टाकायची पावडर द्या, अन् पिकू नये म्हणून दोन गोळ्या द्या." बाजारच्या गर्दीत याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हा कागद छापला. घरी नेऊन कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

सगळ्यात जास्त नडतं ते जखमेत काहीतरी भरणं. हळद, चुना, तंबाखू, कॉफी, विडीची राख, बांधावरचा दगडी पाला. दगडी पाल्याला आम्ही नावं ठेवत नाही, आमच्या आजोबांनीही तो चोळला. पण रानातून उपटलेल्या पाल्याबरोबर मातीही जखमेत जाते, आणि धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात. रक्त थांबतं ते दाबल्यामुळे. पाला चोळून धरता ना, तिथंच दाब बसतो.

गेल्या हंगामात एक मामा चौथ्या दिवशी आले. अंगठ्यावर हळद-चुन्याचा थर, वाळून खडकासारखा. त्यांना गोळी हवी होती. आम्ही शेजारच्या दवाखान्यात नेलं. तिथं अर्धा तास नुसता तो थर भिजवून सोडवण्यात गेला. खाली सोयाबीनच्या शेंगेचं टरफल रुतून बसलेलं, भोवती पू. हळदीच्या पिवळेपणात ना लाली दिसली ना पू. पहिल्याच दिवशी पाण्यानं धुतलं असतं तर टरफल तेव्हाच निघालं असतं आणि चार दिवसांची मजुरी बुडाली नसती. पावडरीचंही तसंच आहे. ओल्या जखमेवर तिचे गठ्ठे होतात आणि खालचं काही दिसत नाही. पावडर आमच्याकडे आहे, विकताही येते, पण ताज्या चिरेसाठी मागितली तर आम्ही आधी पाण्याचं विचारतो, ते यासाठी.

म्हणून पहिलं काम पाणी. पिण्यालायक पाणी धुवायला चालतं, बोअरचं असलं तरी. टाकीत आठवडाभर साठलेलं नको. धार लावून पाच-दहा मिनिटं धुवा, साबण भोवतीच्या कातडीला लावा. मग स्वच्छ फडकं घट्ट दाबून हात वर धरा, पुरी दहा मिनिटं. मधेच उचलून बघू नका, धरलेली खपली सुटते. तरीही रक्त थांबत नसेल, चीर खोल असेल, कडा उघड्या राहत असतील किंवा बोट वाकत नसेल, बधिर वाटत असेल, तर थेट डॉक्टरकडे जा. टाके शक्यतो सहा-आठ तासांत पडलेले बरे. रक्त उसळ्या मारत असेल तर दाब न सोडता १०८ ला फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा: जखम मळकी असेल आणि पाच वर्षं उलटली असतील तर घ्यायचं. दर चिरेला पुन्हा पुन्हा घ्यायची गरज नसते.

जंतुनाशक बिनपाण्याचं ओतू नका. फेस येणारं औषधही रोज नको. झोंबलं म्हणजे गुण आला असं नाही; भरून येणारं कोवळं मांसच त्यानं जळतं. धुतलेल्या साध्या चिरेवर व्हॅसलीनचा पातळ हात, वर निर्जंतुक गॉज, वर कागदी टेप, एवढं पुरतं. पट्टी रोज बदला, भिजली किंवा मळली तर लगेच. चिकटली असेल तर ओढू नका. सलाइननं नाहीतर उकळून गार केलेल्या पाण्यानं भिजवा, पाच मिनिटं थांबा, आपोआप सुटते.

पहिले दोन-तीन दिवस कडेला थोडी लाली, सूज, पाण्यासारखी लस, हे भरून येतानाचं आहे. खाज सुटते, तीही चांगलीच. खपली मात्र नखानं काढू नका. घाबरायचं ते उलट्या चालीला: दुखणं कमी व्हायच्या ऐवजी तिसऱ्या दिवसापासून ठणका वाढतो, कातडी गरम लागते, पू किंवा वास येतो, लाली पसरते. शंका आली की लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा आणि वेळ लिहा. लाली रेघेबाहेर गेली तर त्याच दिवशी डॉक्टर. काखेत किंवा जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आली, जखमेपासून वर लाल रेघ चढली, थंडी वाजून ताप आला, तर रात्र काढू नका. साखरेचा त्रास असणाऱ्यांनी पायाची जखम, दुखत नसली तरी, पहिल्याच दिवशी दाखवावी. त्यांच्या पायाला पुष्कळदा दुखणं कळतच नाही, तिथंच घात होतो.

आता गोळ्यांचं. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आम्ही देत नाही, याचा राग येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक्सची विक्री वेगळ्या वहीत, डॉक्टरच्या आणि रुग्णाच्या नावासह लिहावी लागते आणि ती नोंद तीन वर्षं जपावी लागते. पण नियम नसता तरी दिल्या नसत्या. स्वच्छ धुतलेल्या साध्या चिरेला त्या लागत नाहीत, आणि पिकलेल्या जखमेला कोणती, किती दिवस, हे जखम बघूनच ठरतं. दोन गोळ्यांनी ठणका दबतो, पू आतच राहतो.

दसऱ्यानंतर केज-धारूरकडची बरीच कुटुंबं कारखान्यावर जातात. फडात दुकान नसतं. त्यांच्यासाठी आम्ही डबा भरून ठेवतो: सलाइनची बाटली, गॉज, टेप, क्रेप बँडेज, हातमोजे, व्हॅसलीन. वस्तू सुट्याही मिळतात, घरात आहे ते परत घेऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी सांगितलंत तर डबा तयार ठेवू, आणि पट्टी कशी बांधायची ते घरातल्या एकाला काउंटरवरच करून दाखवू.