असमिया भाषेतील नकारार्थी वाक्यरचना

असमिया ही ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील इंडो-आर्य भाषा आहे. २०२४ मध्ये मराठीबरोबरच तिलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या भाषेत नकार मुख्यतः क्रियापदाला पुढून 'न' जोडून केला जातो. हा 'न' कोणता स्वर घेणार हे आधी ठरलेले नसते. ज्या क्रियापदाला तो चिकटतो त्याच्या पहिल्या स्वराचे तो अनुकरण करतो. शेजारच्या बंगालीत 'करि ना' असा नकार मागून येतो, मराठीतही 'करत नाही' हाच क्रम रूढ आहे. असमियात मात्र नकार आधी कळतो, मग क्रिया.

येथील उदाहरणे उच्चाराला जवळच्या देवनागरीत दिली आहेत. त्यांतला 'अ' मराठीपेक्षा गोलसर, 'ऑ'कडे झुकणारा वाचावा.

'करों' (मी करतो) याचा नकार 'नकरों'. 'खाओं'चा 'नाखाओं', 'लिखों'चा 'निलिखों', 'बुजों' (समजतो) याचा 'नुबुजों', 'देखों'चा 'नेदेखों' आणि 'बोलों'चा 'नोबोलों'. क्रियापद स्वरानेच सुरू होत असेल तर दोन्ही स्वर मिसळून एक होतात: उठे – नुठे, आने – नाने, आहे – नाहे. या शेवटच्या जोडीपाशी मराठी माणूस हमखास फसतो, कारण असमियात 'आहे' म्हणजे 'येतो' आणि 'नाहे' म्हणजे 'येत नाही'.

हे अनुकरण धातूच्या मूळ रूपाचे नसून प्रत्यक्ष उच्चारल्या जाणाऱ्या रूपाचे असते, हा या नियमाचा खरा गाभा. 'जाने' (जाणतो) याचा नकार 'नाजाने', पण त्याच धातूच्या 'जना' (जाणलेला, माहीत असलेला) या रूपात पहिला स्वर बदलला की नकारही बदलून 'नजना' होतो. तसेच थाके – नाथाके, पण थका – नथका. कय (सांगतो) – नकय, पण कोवा – नोकोवा. 'जाय'चा नकार 'नाजाय'. भूतकाळात मराठीप्रमाणेच धातू पालटून 'गल' (गेला) होतो, तर त्याचा नकार 'नगल'. नियम न पाळणारे ठळक क्रियापद एकच लक्षात ठेवावे लागते, आणि तेही रोजच्या वापरातले: 'पारों' म्हणजे 'मी करू शकतो', पण 'शकत नाही' हे 'नोवारों'. इथे 'प'चाही मागमूस उरत नाही.

सगळे नकार मात्र या उपसर्गाने होत नाहीत. 'आसे' (आहे, असते) याला 'न' लागत नाही. त्याच्या जागी 'नाइ' येते. 'घरत सेनि नाइ' म्हणजे घरात साखर नाही. याउलट 'अमुक म्हणजे तमुक नव्हे' अशा वाक्यात 'नहय' लागते: 'एइखन मोर किताप नहय', हे माझे पुस्तक नव्हे. गंमत अशी, की होकारार्थी वाक्यात इथे क्रियापदच नसते. 'एइखन मोर किताप' एवढेच वाक्य पुरे होते, आणि नकार आला की 'हय' त्याच्याबरोबर प्रकट होते. आजची बोली मराठी दोन्हीकडे 'नाही' वापरून मोकळी होते. 'नाही' आणि 'नव्हे' यांतला भेद पाळणाऱ्या जुन्या पिढीच्या मराठीला असमियाची ही वाटणी अधिक ओळखीची वाटेल.

'नाइ'चे दुसरे काम काळाशी निगडित आहे. 'करिसों' (करतो आहे किंवा केले आहे) याला उपसर्ग लागत नाही. त्याचा नकार 'करा नाइ' असा दोन शब्दांत होतो, आणि तो पुरुषानुसार बदलतही नाही: मइ करा नाइ, तुमि करा नाइ, तेओं करा नाइ. त्यामागच्या भूतकाळात 'करा नासिलों' (मी केले नव्हते) असे म्हणताना पुरुषाचा प्रत्यय पुन्हा दिसू लागतो. साध्या भूतकाळात उपसर्ग चालतो, पण अर्थाची छटा वेगळी असते. 'मइ जोवा नाइ' म्हणजे नुसते 'मी गेलेलो नाही'; 'मइ नगलों' म्हटले की बहुधा जायचे टाळले, असा सूर उमटतो. भविष्यकाळात प्रथमपुरुषी 'जाम' (जाईन) याचा नकार सहसा वर्तमानातूनच उसना घेतला जातो: 'मइ नाजाओं' म्हणजे 'मी जात नाही' आणि 'मी जाणार नाही', दोन्ही.

निषेध करताना भविष्यकाळाचे प्रत्यय वापरतात. समोरच्याला 'तइ' म्हणत असू तर 'नकरिबि', 'तुमि' म्हणत असू तर 'नकरिबा', 'आपुनि' म्हणत असू तर 'नकरिब'. मराठीतल्या 'करू नकोस' आणि 'करू नका' या दोन पायऱ्यांच्या जागी इथे तीन आहेत.

'नको' या अर्थी 'नालागे' म्हणतात. 'लागे' म्हणजे लागते, हवे आहे. त्याचाच हा नकार. संतांच्या अभंगांतला 'न लगे' आठवला तर ही जोडणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. 'करिब नालागे' म्हणजे करण्याची गरज नाही, आणि 'करिब नापाय' म्हणजे करू नये. रीत, विधिनिषेध सांगताना हे दुसरे रूप विशेष ऐकू येते. 'न करता' याला 'नकराकै', 'न केल्यास' याला 'नकरिले' आणि 'नाहीतर' याला 'नहले' अशी रूपे आहेत.

'कोणीही', 'काहीच' यांसारखे शब्द आले तरी क्रियापदाचा नकार गळत नाही: 'कोनेओ नाजाने' (कोणालाच ठाऊक नाही), 'मइ एको नाजानों' (मला काहीच ठाऊक नाही). प्रश्नार्थक 'ने' मात्र नकार नव्हे, जरी कानाला तसे वाटले तरी. 'जाबा ने?' म्हणजे 'जाणार का?', आणि 'जाबा ने नाजाबा?' म्हणजे 'जाणार की नाही?', या दुसऱ्या प्रश्नात नकार फक्त शेवटच्या शब्दात आहे.