लेंटमध्ये काय सोडलं? या प्रश्नामागची जुनी गोष्ट

लेंट म्हणजे ईस्टरच्या (येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या) आधीचा आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ, आणि त्याचा पहिला दिवस म्हणजे राखेचा बुधवार, त्या दिवशी कपाळाला राख लावतात. तो जवळ आला की आमच्या चर्चच्या तरुण संघात एकच विषय, यंदा काय सोडणार? कुणी मटण म्हणतं, कुणी चहा, कुणी तंबाखू, आता तर रील्स बघणं पण त्या लिस्टमध्ये आलंय. २०२५ ला तर मज्जाच झाली, इकडे २ मार्चला पहिला रोजा आणि लगेच ५ तारखेला आमचा राखेचा बुधवार, म्हणजे संभाजीनगरात संध्याकाळी बाजारातून गाडी काढायची तर नाकात सगळा नानखलियाचा (नान आणि मटणाचा रस्सा) वास, मटण सोडलेल्याचे हाल विचारू नका.

पण खरं सांगायचं तर हे 'काय सोडलं' प्रकरण मागाहून आलेलं आहे. सुरुवातीला चाळीस दिवस वगैरे काही ठरलेलंच नव्हतं. दुसऱ्या शतकात कुणी ईस्टरच्या आधी एक दिवस उपास करायचं, कुणी दोन, कुणी सलग चाळीस तास, आणि त्यावरून वादही व्हायचे. चाळीसचा उल्लेख ३२५ साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत सापडतो, तोही जाता जाता, दुसऱ्याच एका नियमात. येशूने रानात चाळीस दिवस काढले तो हिशोब त्यामागे आहेच, पण त्या काळात या दिवसांचं मोठं काम वेगळं होतं, ईस्टरला ज्यांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) व्हायचा त्यांची तयारी.

चौथ्या शतकातल्या यरुशलेमची वर्णनं वाचली की अंगावर काटा येतो. उमेदवारांना आठवडेच्या आठवडे रोज तासन्‌तास शिकवायचे, आणि तू कसा जगतोस याची चौकशी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे व्हायची, हा दारू पितो का, आईबापाला नीट बघतो का. मग ईस्टरच्या आदल्या रात्री आधी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारायचं, मग पूर्वेकडे वळायचं, अंगावरचे कपडे काढून ठेवायचे आणि पाण्यात उतरायचं. जुना मनुष्य काढून टाका असं बायबलमध्ये प्रेषित पौलाने लिहिलंय ना, ते अक्षरशः करून दाखवायचं. म्हणजे सोडायचं काय तर जुनं 'मी', जेवणातला एखादा पदार्थ ही त्यामानाने लई किरकोळ गोष्ट.

पुढे लहान बाळांचे बाप्तिस्मे सर्रास व्हायला लागले, मोठे उमेदवार उरलेच नाहीत, काळ मात्र तसाच राहिला आणि सगळ्यांनाच लागू झाला. मग नियम आले, मांस नाही, अंडी नाहीत, दूधदुभतं नाही. रविवारी उपास नसतो, म्हणून मोजून चाळीस भरावेत यासाठी सुरुवात बुधवारी नेली, म्हणजे कॅलेंडरवर बघाल तर एकूण ४६ दिवस होतात, हे दरवर्षी कुणालातरी समजावून सांगावं लागतंय. कपाळाला राख आधी जाहीर प्रायश्चित्त घेणाऱ्यांनाच लागायची, अकराव्या शतकाच्या शेवटी सगळ्यांनाच लावायची पद्धत पश्चिमेत पक्की झाली. ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची, ईस्टरच्या आदल्या रविवारी झावळ्या हातात धरून 'होसान्ना' असा जयघोष करतो ना, त्या. आमच्याकडे नारळ कुठला, लहानपणी ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या आणायचो आणि त्या काट्यांनी होसान्ना म्हणता म्हणता हात रक्ताळायचे.

आता आमच्या मराठवाड्याची गंमत ऐका, त्यासाठी आधी युरोपात जावं लागतंय. १५२२ ला झुरिचमध्ये एका छापखानेवाल्याच्या घरी उपवासकाळात मुद्दाम सॉसेज खाल्ले आणि तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली याने त्याची बाजू घेतली, शास्त्रात सांगितलेलं नाही ते माणसावर लादू नका म्हणून. हीच लाइन स्कॉटलंडच्या मंडळीने (चर्चने) इतकी कडक धरली की १६४५ च्या त्यांच्या उपासनेच्या नियमांत सणाचे दिवस पाळूच नयेत असं स्पष्ट आहे. आणि जालन्याला सुवार्ता कुणी आणली तर याच स्कॉटिश परंपरेने! १८४३ ला बाप्तिस्मा घेतलेले मूळचे ब्राह्मण, रेव्ह. नारायण शेषाद्री, त्यांनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. उलट औरंगाबादला अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं मिशन, त्यांच्या प्रार्थनापुस्तकात राखेच्या बुधवारची वेगळी उपासना छापलेलीच. म्हणजे ५०-६० किलोमीटरच्या अंतरात एकीकडे लेंट आहे, एकीकडे नाही. १९७० ला नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि हे दोघं एका छताखाली आले, तेव्हा कुठे सगळ्यांचं कॅलेंडर एक झालं. कॅथलिकांचं आधीपासून वेगळं आणि ठरलेलं, तिथे १९६६ ला पोपनी उपासाचे सक्तीचे दिवस बरेच कमी करून राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) एवढेच ठेवले आणि बाकी प्रार्थना, दानधर्म यावर जोर दिला.

म्हणून जालन्याकडची आमची आजी म्हणायची, आमच्या सासऱ्याच्या टायमाला असलं काय नव्हतं बाबा. मला वाटायचं आजी विसरली असेल, आता कळतं की ती बरोबर होती. तिला एकदा विचारलं होतं, मग १९७२ ला तुम्ही काय सोडलं होतं? ती हसायलाच लागली. दुष्काळाचं साल, रेशनला लाल मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी), भाकरी थापताना हातातच तुटायची, दिवसभर खडी फोडायची. सोडायला आधी असावं लागतंय की, म्हणाली.

पवित्र शास्त्रात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे, डुकरांच्या शेंगांवर पोट भरावं अशी पाळी आल्यावर तो 'शुद्धीवर येऊन' म्हणाला असं मराठीत आहे. मूळ ग्रीकमध्ये शब्दशः 'स्वतःकडे आला'. आजकाल प्रवचनात आत्मशोध आत्मशोध म्हणतात ते हेच, फक्त त्याला ते उपाशीपोटी कळलं आणि आपल्याला त्यासाठी रिट्रीट लागतं.

आजीचं लेंट म्हणजे एक डालड्याचा डबा. स्वयंपाकाला बसली की आधी एक मूठ ज्वारी त्यात टाकायची, चाळीस दिवस, वर्ष कसंही असो. उत्तम शुक्रवारी क्रुसावरचे सात उद्गार ऐकून घरी आली की अंधार पडल्यावर डबा पदराखाली घेऊन निघायची, कुणाच्या घरी ते आम्हाला कधीच कळलं नाही, पाळकसाहेबांनाही नाही. डबा अजून आहे आमच्याकडे, सध्या त्यात बाबांचे खिळे आणि वायसर असतात.