सांता मारिया नोव्हेला: औषधालयाच्या सजावटीची पार्श्वभूमी

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात व्हिया देल्ला स्काला या रस्त्यावर असलेल्या सांता मारिया नोव्हेला या ख्रिस्ती मठाच्या औषधालयाचे मुख्य दालन मध्ययुगीन आहे, असा समज पाहताक्षणी होतो आणि तो अर्धाच खरा आहे. भिंती खरोखरच चौदाव्या शतकातल्या आहेत. पण आज डोळ्यांत भरणारी सजावट बरीच अलीकडची, 1848 च्या नूतनीकरणातली आहे.

डोमिनिकन पंथाचे साधू 1221 मध्ये येथे आले. मठाच्या बागेत ते औषधी वनस्पती लावत आणि आजाऱ्यांसाठी औषधे तयार करत. येथील गुलाबजलाचा उल्लेख 1381 पासून सापडतो. याच साधूंच्या उपचारांनी बरा झालेला धनिक व्यापारी दार्दानो अच्चायुओली याने कृतज्ञतेपोटी 1330 च्या दशकात संत निकोलस यांच्या नावे एक प्रार्थनागृह बांधून दिले, आणि पुढे तेच औषधालयाचे विक्रीदालन झाले. रोगमुक्तीबद्दल उभारलेल्या वास्तूतच कालांतराने औषधे विकली जावीत, हा योग मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत हृद्य भाग वाटतो.

औषधालय लोकांसाठी रीतसर खुले झाले ते 1612 मध्ये, फ्रा आंजोलो मार्किस्सी यांच्या व्यवस्थापनाखाली. प्रार्थनागृहाला मात्र आजचे रूप मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. वास्तुविशारद एन्रिको रोमोली यांनी 1848 मध्ये ते नवगॉथिक, म्हणजे मध्ययुगीन गॉथिक वास्तुकलेचे अनुकरण करणाऱ्या शैलीत सजवले आणि पाओलिनो सार्ती यांनी छतावर चार खंडांची रूपकचित्रे रंगवली. येथील औषधांची व सुगंधी द्रव्यांची कीर्ती जगभर पसरल्याचे ती चित्रे सुचवतात.

अस्सल जुने काम पाहायचे असेल, तर शेजारच्या लहानशा खोलीत जावे लागते. पूर्वी ही प्रार्थनागृहाची पूजासाहित्याची खोली होती. तिच्या भिंतींवर मारियोत्तो दि नार्दो या चित्रकाराने चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या संधिकाळी ख्रिस्ताच्या यातनांचे प्रसंग रंगवले. पुढे याच चित्रांच्या सान्निध्यात ऊर्ध्वपातित सुगंधी जले साठवली जाऊ लागली. कलेच्या दृष्टीने माझ्या मते संपूर्ण वास्तूतील सर्वांत मोलाचा ठेवा हाच आहे. भव्य दालनाने भारावलेल्या पाहुण्याने तो चुकवू नये.

1866 मध्ये इटलीच्या सरकारने धार्मिक संस्थांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्यानंतर औषधालय शेवटच्या साधू-संचालकाचे पुतणे चेझारे आउगुस्तो स्तेफानी यांच्याकडे गेले. व्यवसाय खंडित न झाल्यामुळे ही दालने निव्वळ संग्रहालय बनली नाहीत आणि त्यांत आजही विक्री चालते.